मोठा प्रिंट टिकवायचाय: लॅमिनेशन करावं की फ्रेम?

मोठा प्रिंट काढला की लगेच विचारतात, लॅमिनेशन करू का, आणि आपण पटकन हो म्हणून मोकळे होतो. जरा थांबा. आमच्याकडे आजीचा मोठा फोटो होता, खिडकीसमोरच्या भिंतीवर, साध्या काचेत. बऱ्याच वर्षांनी फ्रेम उघडली तर माउंटच्या (फोटोभोवती लावलेल्या जाड कागदाच्या चौकटीच्या) पट्टीखाली झाकलेली बोटभर कड तशीच गडद, तिथे साडीचा लाल अजून लाल होता, बाकी सगळा फोटो निळसर, पांढुरका. काच असूनही! साधी काच उन्हातलं यूव्ही, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, साधारण 320 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचे बरेचसे आत सोडते, आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग उडवतोच.

म्हणून आधी शाई विचारा. डाय (पूर्ण विरघळलेल्या रंगाची शाई) असेल तर वरून काहीही लावलं तरी ती लवकर उडते, पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली शाई) कितीतरी जास्त टिकते.

आता लॅमिनेशन, म्हणजे प्रिंटवर चिकटवलेली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म. हलकं, स्वस्त, ओल्या फडक्याने पुसता येतं, बोटांचे डाग लागत नाहीत, मॅट घेतलं तर चमक मारत नाही. प्रदर्शन, ऑफिस, हाताळणी जास्त असेल तिथे मी डोळे झाकून हेच सांगेन. पण फिल्म एकदा चिकटली की चिकटली, काढायला गेलात तर प्रिंटच फाटतो, आणि पुढे ती पिवळी पडली, फुगे आले की काही करता येत नाही. पीव्हीसी प्लास्टिकच्या फिल्मचे प्रकार असतात: मोनोमेरिक कडेने आकसते, पॉलिमेरिक बरी, कास्ट सगळ्यात चांगली, तेव्हा नुसतं 'लॅमिनेशन' न म्हणता कुठली फिल्म ते विचाराच. सॉल्व्हेंट शाईचा (उडून जाणाऱ्या द्रावकातल्या शाईचा) प्रिंट असेल तर किमान 24 तास सुकू द्या, नाहीतर द्रावकाची वाफ आत अडकते आणि फिल्म सुटायला लागते.

फ्रेम महाग आणि जड, पण उघडता येते, माझ्यासाठी हाच मोठा मुद्दा. काच खराब झाली, बदला. बुरशी दिसली, प्रिंट बाहेर काढा. यूव्ही अडवणारी काच किंवा तसंच पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे यूव्ही अ‍ॅक्रिलिक घ्या, चांगल्या प्रतीचं असेल तर 99 टक्क्यांपर्यंत यूव्ही अडवतं. वजनाचं बघा: चार बाय तीन फुटाला 3 मिमी काच आठ किलोच्या वर जाते, तेवढंच अ‍ॅक्रिलिक चार किलो. मोठ्या साइजला मी अ‍ॅक्रिलिकच घेईन, फक्त त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि कोरड्या फडक्याने घासलं की धूळ आणखी ओढतं, त्यामुळे मऊ ओलसर कापड वापरा, अमोनियावालं क्लीनर अजिबात नको. प्रिंट काचेला टेकू देऊ नका, दमटपणात चिकटून बसतो. मधे माउंट हवाच, तोही अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या कागदाचा.

कॅनव्हासला वार्निश असतं, काच लागत नाही, दिसतंही छान, पण दुमडलेल्या कडांना तडे जातात. घराला शोभा म्हणून ठीक.

तर दुसरी कॉपी सहज काढता येईल असा प्रिंट असेल तर लॅमिनेशन करून टाका. एकच असलेला, माणसाचा, जपायचा फोटो असेल तर फ्रेमच. आजीचा नवा प्रिंट आम्ही पिगमेंटमध्ये काढला, यूव्ही अ‍ॅक्रिलिक लावलं आणि खिडकी ज्या भिंतीत आहे त्याच भिंतीवर टांगला, तिथे ऊन थेट पोचतच नाही.