बडोद्यातली महाधमनीची आनुवंशिक तपासणी: मोजमाप उत्तम, जनुकांची यादी अपुरी

घरात एकाची महाधमनी फुगलेली निघाली, की भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यायला हवं. त्यासाठी रावपुऱ्याच्या बाजूला एक खासगी केंद्र इको (हृदयाची सोनोग्राफी), जनुकीय पॅनेल (अनेक जनुकं एकदम तपासणारी रक्तचाचणी) आणि समुपदेशन एकाच ठिकाणी देतं. इकोसाठी डोळे मिटून जावं. पॅनेलचे पैसे भरण्याआधी मात्र जनुकांची यादी मागून वाचावी.

इकोच्या रिपोर्टमध्ये चार आकडे वेगवेगळे येतात: झडपेचं कडं, त्यावरचा सायनसचा फुगवटा, फुगवटा संपून नळी सुरू होते तो सांधा, आणि वर चढणारा भाग. माप कसं घेतलं तेही लिहिलेलं असतं, आणि हे फार मोलाचं आहे. मोठ्यांमध्ये सहसा हृदय सैलावण्याच्या शेवटी, पुढच्या भिंतीची जाडी धरून मोजतात. लहान मुलांमध्ये आकुंचनाच्या मध्यावर, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. पद्धत बदलली तर एक-दोन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात आणि नसलेली वाढ दिसू लागते. म्हणून दरवर्षी शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने मोजून घ्या.

इथे एक चूक मात्र होते. वजन काट्यावर करतात, उंची तोंडी विचारतात. झेड-स्कोअर (धमनीचं माप सरासरीपेक्षा किती जास्त-कमी आहे ते सांगणारा आकडा) उंची-वजनावरच बसवलेला असतो, आणि मार्फान हा आनुवंशिक आजार ओळखण्याच्या २०१०च्या सुधारित गेंट निकषांत मोठ्या माणसासाठी २ ही रेषा आहे. उंची चार सेंटीमीटर जास्त सांगितली तर रेषेवरचा माणूस निरोगी ठरू शकतो. चप्पल काढून, भिंतीला टेकून उंची मोजायला लावा.

आता पॅनेल. फायब्रिलिनचं एफबीएन१, लोयस-डीट्झ या आनुवंशिक आजाराची टीजीएफबीआर१ आणि २, कोलॅजनचं सीओएल३ए१, स्नायूचं एसीटीए२ ही नेहमीची जनुकं आहेत. लायसिल ऑक्सिडेजचं एलओएक्स आणि फायब्युलिन-४चं ईएफईएमपी२ नाहीत, आणि खरी तक्रार तीच आहे. धमनीची लवचीकता इलॅस्टिनच्या जाळ्यावर टिकते. पेशी इलॅस्टिनचे सुटे रेणू बाहेर टाकतात. लायसिल ऑक्सिडेज हे तांब्यावर चालणारं एन्झाइम त्यांतल्या लायसिनवर काम करतं, मग चार लायसिन मिळून रेणूंना जोडणारी डेस्मोसिनची गाठ बसते. या एन्झाइमला योग्य जागी आणून ठेवण्याचं काम फायब्युलिन-४ करतं. यांपैकी एकात खोट असली तर धागे तयार होतात, पण गाठी पुरत्या बसत नाहीत. रक्ताच्या दाबाखाली भिंत ताणत जाते. एलओएक्समधले बदल थोरॅसिक ॲन्युरिझमला (छातीतली महाधमनी फुगण्याला) कारण ठरतात हे २०१६मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा आजही ते यादीत नसणं समर्थनीय नाही. (तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन फायदा होईल का, असं बरेच जण विचारतात. नाही. एन्झाइमची घडणच बिघडली असेल तर जास्त तांबं घेऊन ती सुधरत नाही.)

दुसरा प्रश्न विचारायचा तो असा: जनुकाचा मोठा तुकडा गळाला किंवा दुप्पट झाला असेल, तर या तपासणीत कळतं का? कळत नसेल तर ‘काही सापडलं नाही’ हा निकाल अर्धवट आहे. रक्त आधी आजारी माणसाचं द्यावं. निरोगी भावाचं आधी दिलं आणि निकाल कोरा आला, तर त्यातून काहीच ठरत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत ३-४ मिली रक्त पुरतं. नळी लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची असते. गुठळी झाली तर नमुना परत येतो. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेल्या बदलावरून नातेवाइकांवर शिक्का मारू नये. इथले समुपदेशक हे मराठीत, घाई न करता, कागदावर वंशावळ काढून समजावतात.

त्यांच्या छापील फॉर्मवर मात्र ‘रक्ताच्या नात्यात लग्न?’ एवढाच प्रश्न आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नाला कुणी रक्ताचं नातं म्हणत नाही, त्यामुळे बहुतेक जण सरळ ‘नाही’ लिहून मोकळे होतात. फायब्युलिन-४चा आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच होतो, आणि अशा लग्नात ती शक्यता वाढते. २०१२मध्ये केरळमधून २२ बाळांच्या धमन्यांच्या जीवघेण्या आजाराची नोंद झाली, तिच्यामागे याच जनुकातला एकच बदल होता. फॉर्म सुधारेपर्यंत समासात स्वतःच्या हाताने लिहा: ‘आई ही वडिलांच्या मामाची मुलगी’, किंवा जे नातं असेल ते.