वाटी ४५ अंशांत, पण वाटीच नाही

आमचा लॅब्रॅडॉर बंड्या दीड वर्षाचा असतानाच मागचे दोन्ही पाय एकदम टाकत सशासारखा पळायला लागला. हिप डिस्प्लेसिया निघाला. डाव्या खुब्याची वाटी उथळ, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात बसतच नव्हता. एका सर्जननी सांधा बदलायला सांगितलं. दोन लाख दहा हजार, सांधा परदेशातून मागवायचा म्हणून सगळे आगाऊ.

माणूस बोलण्यात तरबेज. टेबलावरची वाटी तिरकी धरून दाखवली: साधारण ४५ अंशांत बसवायची, जास्त उघडी राहिली तर गोळा वरून निसटतो, जास्त झाकली तर खालून. मी भारावून पैसे भरले.

ऑपरेशननंतरचा एक्स-रे मागितला, तर मशीन बंद. आठव्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. धातूचा पांढराशुभ्र खुंटा, गोळा, सगळं जागच्या जागी. कोपऱ्यातलं नाव-तारीख मात्र कापलेली. बायकोनं विचारलं, तर मी तिलाच गप्प केलं.

दोन महिन्यांनी पाय आखूड दिसायला लागला म्हणून दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. फोनमधला फोटो बघून त्या म्हणाल्या, "ही कुत्री कोणाची?"

"कुत्री नाही हो, आमचा बंड्या."

नर कुत्र्याच्या लिंगात हाड असतं आणि अशा एक्स-रेत ते दिसतं. फोटोत ते नव्हतंच. मॅडमनी लगेच स्वतः एक्स-रे काढला. जुनीच उथळ वाटी, गोळा कापून टाकलेला, धातूचा कणही नाही.

याला एफएचओ म्हणतात. ऑपरेशन वाईट नाही, लहान कुत्र्यांना चांगलं मानवतं, खर्चही सांधा बदलण्यापेक्षा पुष्कळ कमी. पण आमचा गडी ३४ किलोचा, आणि पैसे सांध्याचे घेतलेले.

खऱ्या सांध्याच्या भागांच्या पाकिटांवर लॉट नंबरचे स्टिकर असतात. ते केसपेपरवर चिकटवून मागा. एक्स-रे तर कुत्रा भुलीत असतानाच काढतात, कारण वाटीचा कोन तेव्हाच तपासायचा असतो. मशीन बंद असताना ४५ अंश मोजले कशानं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

जाब विचारला तर म्हणाले, फोटो चुकून दुसऱ्या पेशंटचा गेला. मग आमच्याचा पाठवा, म्हटलं. तेव्हापासून फोन उचलत नाहीत.