दर ग्रॅमचा होता, पुडीचा नाही

लाज वाटते लिहायला, तरी लिहितो. एका वैद्याच्या पुडीपायी आधी २२,३५० आणि वर ८,५००, असे ३०,८५० रुपये गेले. आम्ही अमळनेरकडचे कापूसवाले. चार क्विंटलच्या वर कापूस झाला हा.

आबांना सात वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन. लेव्होडोपाच्या गोळीनं हात थांबतो, पण वर्षभरापासून गोळी घेतली की तासाभरात मान आणि खांदा आपोआप वळवळायला लागतात. हातातला घास तोंडापर्यंत जात नाही. बघणाऱ्याला वाटतं रोग वाढला. ते रोगाचं नसतं, गोळीचं असतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला कळलंही होतं. पण रोज समोर बसून बघणाऱ्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

दवाखान्याच्या गेटबाहेर एक जण भेटला. "भाऊ, मना बापले बी हाईच व्हतं." अहिराणीत बोलला आणि मी विरघळलो. ओळखीचा वैद्य, झाडपाल्याचं औषध, तीन महिन्यांत मान सरळ. तुम्ही म्हणाल, ही तर जुनीच टोळी. हो, मलाही माहीत होती. दुसऱ्याच्या बाबतीत माहीत होती.

वैद्यानं आबांची नाडीसुद्धा धरली नाही. चिठ्ठीवर सात नावं लिहिली आणि शेजारच्या दुकानात पाठवलं. काउंटरवरच्या बाईनं चिठ्ठीवर दर टाकले, १९०, २४०, असे. मी समजलो पुडीचे. ती काट्यावर टाकत गेली, ६० ग्रॅम, ४० ग्रॅम, आणि लगेच मिक्सरमध्ये. मी "थांबा, दर कशाचा?" विचारलं, तर तिनं कानाकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही म्हणून. मिक्सर बंद झाला तेव्हा सगळ्याची एकच भुकटी झाली होती. दर ग्रॅमचा होता. ११,४०० एकाचे, ९,६०० दुसऱ्याचे, उरलेल्या पाचांचे मिळून १,३५०. "दळलेला माल परत कसा घेणार, दादा?"

त्या मिक्सरचा आवाज अजून कानात आहे. तिथंच उठायला हवं होतं. पण आबा बाकावर बसलेले, मान वळवळतेय, चार माणसं बघतायत. पैसे दिले. तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका. तेवढं लक्षात ठेवा, समोर दळायला लागले की पैसे न देता बाहेर पडा.

आणि गंमत म्हणजे पहिले चार दिवस आबा खूश! "मना हात आते नही हालस." पाचव्या दिवसापासून मान-खांद्याबरोबर पायही वळवळायला लागले. वैद्याला फोन केला तर म्हणे, रोग बाहेर पडतोय, दुसरी पुडी न्या. नेली. ते ८,५००.

शेवटी डॉक्टरांना चिठ्ठीचा फोटो दाखवला. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं, कवचबीज. म्हणजे आपली खाजकुइली. तिच्या बियांत लेव्होडोपाच असतो. म्हणजे गोळीच्या वर आणखी गोळी, तीही न मोजता, मग वळवळ वाढणारच. सातांतली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच, आणि खरीही बहुतेक तीच. महागडी दोन नावं आमच्या गावच्या म्हाताऱ्या वैद्यानंही कधी ऐकलेली नाहीत. पुडी बंद केली, डॉक्टरांनी गोळी विभागून दिली, जोडीला वळवळ कमी करणारं अमॅन्टाडिन लिहिलं. रोजची गोळी मात्र रागाच्या भरात एकदम थांबवू नका, अंग लाकूड होतं, जिवावर बेतू शकतं.

मग तक्रार. ठाण्यात म्हणाले, "पैसे तुम्हीच दिले ना? मग फसवणूक कशी?" बिल मागितलं. बिल कुठून आणू, पाकिटावर बॅच नंबर नाही, लायसन्स नाही, तारीख नाही! त्यांनी दुसऱ्या ऑफिसात पाठवलं. तिथं साहेब दौऱ्यावर. तीन चकरा, प्रत्येक वेळी आबांना शेजाऱ्यांवर सोडून. चौथ्यांदा साहेब भेटले, म्हणाले लेखी द्या. दिलं. मग म्हणाले नमुना आणा. नेला, तर उघडलेला नमुना चालत नाही! मेंदूच्या विकारांवर इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे म्हणतात, आणि त्या वैद्याची पाटी अजून त्याच रस्त्यावर आहे. मी कुणाकडे बघू?

चिठ्ठीचा फोटो तरी काढून ठेवा. मी नशिबानं काढला होता, दुकानातून निघताना चिठ्ठी परत मागून घेतात.

उरलेल्या पुड्या फ्रिजवर आहेत, नमुना म्हणून. पाहुणे आले की बायको त्या आत नेऊन ठेवते.