चाचणी बॅचसाठी काय घ्यावे : विजेचे एकत्रित ब्रुइंग यंत्र की गॅसवरचे टोप?

कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या रिसॉर्टने मायक्रोब्रुअरीचा, म्हणजे जागेवरच थोड्या प्रमाणात बिअर बनवण्याचा, परवाना घेतला की मोठ्या टाक्यांच्या जोडीला वीस-पंचवीस लिटरच्या चाचणी बॅचसाठी कोणती सामग्री घ्यावी, हा प्रश्न लवकरच उभा राहतो. एक पर्याय आहे तो विजेवर चालणाऱ्या एकत्रित यंत्राचा, ज्यात पाणी तापवणे, भरडलेले माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) गरम पाण्यात भिजवणे म्हणजे मॅशिंग, त्यातला गोड अर्क म्हणजे वर्ट गाळणे आणि तो हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घालून उकळणे ही सगळी कामे स्टीलच्या एकाच उभ्या भांड्यात होतात. दुसरा पर्याय म्हणजे गॅसची शेगडी, दोन मोठे टोप, जाळीची पिशवी आणि एक चांगला थर्मामीटर. ग्रेनफादर, ब्रूझिला, ब्राउमाइस्टर ही पहिल्या प्रकारातली परिचित नावे अनुक्रमे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीतली असून, ती घरी बिअर करण्यास कायद्याची मुभा असलेल्या देशांतल्या हौशी लोकांना डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली आहेत. आपल्याकडे तशी मुभा नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 अन्वये परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे आणि ‘घरच्यापुरती करतो, विकत नाही’ हा बचाव तिथे उपयोगी पडत नाही. त्यामुळे पुढचे सारे विवेचन परवानाधारकांसाठीच आहे. त्यांनीही चाचणी बॅचची नोंद कशी ठेवायची हे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

विजेच्या यंत्राचा खरा गुण तापमानावरच्या ताब्यात आहे. माल्टमधल्या पिष्टाची साखर करणारी विकरे साधारण 62 ते 72 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात काम करतात. 63-64 अंशांवर बिअर कोरडी व हलकी होते, तर 69-70 अंशांवर अंगाने जड आणि किंचित गोडसर. हा फरक पाच-सहा अंशांचाच असल्यामुळे, पंपाने वर्ट सतत फिरवत ठेवून ठरलेले तापमान तासभर राखणारे यंत्र एकच कृती पुन्हा पुन्हा तशीच वठवू शकते, आणि चाचणी बॅचचा सारा उद्देश तोच असतो. गॅसवर हे जमत नाही असे नव्हे. पाणी योग्य तापवून, माल्ट घालून, टोप गोधडीत गुंडाळून ठेवला तर तासाभरात तापमान दोन-तीन अंशांपेक्षा फारसे उतरत नाही. मात्र त्यासाठी सरावलेला माणूस लागतो आणि तो माणूस हंगामाच्या गर्दीत स्वयंपाकघरातून सुटला पाहिजे.

विजेच्या बाबतीत मात्र छापील माहितीपत्रकावर विसंबू नये. 2000 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह घेते, म्हणजे त्याला 16 अँपिअरचा सॉकेट, नीट केलेले अर्थिंग आणि गळतीरोधक स्विच हवा. साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर ते चालवणे धोक्याचे आहे. व्होल्टेज पडते तेव्हा शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे संध्याकाळी गावातला दाब 180 व्होल्टवर आला तर तेच यंत्र 2000 ऐवजी सव्वाबाराशे वॅटवर येते. मग 25 लिटर पाणी 27 अंशांवरून 68 अंशांवर न्यायला जिथे चाळीसेक मिनिटे पुरली असती, तिथे तासाहून अधिक लागतो, आणि पुढे खळखळून उकळी फुटण्याऐवजी वर्ट नुसता सुळसुळत राहतो. अशा मंद उकळीत माल्टमधून येणारा, शिजलेल्या मक्यासारखा वास पुरेसा उडून जात नाही. गावातली साधी इन्व्हर्टर बॅटरी हे ओझे उचलणार नाही. जनरेटर असेल तर प्रश्न वेगळा. पुरवठा बरा असेल तर एका बॅचला साडेचार ते पाच युनिट वीज पुरते, आणि 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधला सुमारे एक किलो गॅस तेवढेच काम करतो. म्हणजे चालू खर्चाचा फरक निर्णय फिरवण्याइतका नाही.

जून ते सप्टेंबर हा काळ दोन्ही पर्यायांची परीक्षा पाहतो. गॅसची मोठी शेगडी बंद खोलीत लावणे कार्बन मोनॉक्साइडमुळे घातक आहे, आणि पडवीत लावली तर नैर्ऋत्येचा वारा ज्योत टिकू देत नाही. विजेचे यंत्र आत चालते, पण तासाभराच्या उकळीत अडीच-तीन लिटर पाण्याची वाफ खोलीत सोडते. मंगलोरी कौलांच्या छपरातून ती वाट काढते. स्लॅबच्या खोलीत एक्झॉस्ट पंखा नसेल तर भिंतींना बुरशी आलीच म्हणून समजावे. मॅशिंगच्या वेळी वीज गेली तर बिघडत नाही, झाकण लावून थांबता येते. उकळी चालू असताना गेली, तर हॉप्सच्या कडवटपणाचे गणित विस्कटते.

खरेदीला निघणारे ज्याचा विचार सहसा शेवटी करतात, तो थंड करण्याचा आणि आंबवण्याचा भाग कोकणात सर्वांत अवघड आहे. यंत्राबरोबर मिळणारा चिलर नळाच्या पाण्याने वर्ट थंड करतो, त्यामुळे तो त्या पाण्याहून खाली जाऊच शकत नाही. किनाऱ्यावर टाकीचे पाणी अठ्ठावीस अंशांच्या घरात असते, म्हणून वर्ट तीस-बत्तिसावर अडतो, तर एल या प्रकारची बिअर आंबवणाऱ्या नेहमीच्या यीस्टला 18 ते 22 अंश हवे असतात. 23 लिटर वर्ट बत्तिसावरून विसावर आणायला हिशेबाने पावणेतीन किलो बर्फ लागतो. वाया जाणारा धरून दुप्पट घ्यावा, आणि त्यातले पाणी छोट्या पंपाने चिलरच्या नळीतून फिरवावे. मासळी बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यातला बर्फ या कामाला चालतो, कारण तो बाहेरच राहतो, वर्टला शिवत नाही. त्यानंतर आंबण्याची क्रियाही उष्णता निर्माण करते, म्हणजे बत्तीस अंशांच्या खोलीत भांड्यातले तापमान आणखी वर चढते आणि बिअरला विलायक द्रव्यासारखा उग्र वास येतो. हे घडले तर आधी मॅशिंग कितीही काटेकोर केले असले तरी त्याचा काही लाभ उरत नाही.

म्हणूनच माझे मत असे, की हातात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर ते विजेच्या यंत्रात न घालता जुन्या मोठ्या फ्रिजमध्ये आणि त्याला जोडायच्या तापमान नियंत्रकात घालावेत, आणि वर्ट गॅसवरच करावा. फ्रिजलाही जागा नसेल तर नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतघरांतून आलेले क्व्हाइक यीस्ट वापरावे. त्याचा वॉस हा प्रकार 30 ते 40 अंशांत स्वच्छ आंबतो, आणि आपल्याकडची हवा त्याला जणू मानवतेच. फ्रिजची सोय आधीच झाली असेल, वीज स्थिर असेल आणि दर आठवड्याला नवी कृती तपासायची असेल, तर मात्र एकत्रित यंत्र नि:संशय सरस ठरते. साधारण पाच किलो माल्टची भिजलेली, दहाएक किलोची यंत्रातली जाळीदार टोपली उचलणे एवढेच त्यातले अंगमेहनतीचे काम, आणि धुवायला एकच भांडे.

स्थानिक धान्य वापरायचे असेल तर यंत्राची मर्यादा लवकर कळते. तांदळाचे पिष्ट मॅशिंगच्या तापमानाला पुरते फुलत नाही, म्हणून तो आधी शिजवावा लागतो. पोहे आधीच उष्णतेतून गेलेले असल्याने थेट माल्टबरोबर घालता येतात. परंतु माल्टचे टरफल गाळणीचे काम करते, आणि पोह्यांना ते नसते. त्यांचे प्रमाण वाढले की टोपलीत लगदा होऊन वर्ट वरून वाहू लागतो, पंप खाली कोरडा पडतो आणि तळाच्या हीटरवर पीठ करपून सुरक्षा स्विच यंत्र बंद पाडतो. काही यंत्रांत तो स्विच पुन्हा चालू करण्याचे बटण तळाखाली आहे, जे 25 लिटर उकळता वर्ट आत असताना कुणी शोधू नये. भातगिरणीतला तूस स्वच्छ धुऊन मूठ-दोन मूठ मिसळला तर हा प्रसंग टळतो. गॅसवरच्या टोपात, पिशवी पिळता येत असल्याने, ही अडचण जवळजवळ येत नाही.

जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी सहसा मृदू असते, जे पिल्सनर या फिक्या रंगाच्या बिअरला पोषक आहे. कडवट एलसाठी त्यात थोडे जिप्सम हे खनिज घालावे लागते. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात, तेव्हा आधी पाणी चाखून पाहावे. हे दोन्ही पर्यायांना सारखेच लागू आहे.

पूर्ण स्वयंचलित आणि इंटरनेटवर अवलंबून असणाऱ्या यंत्रांच्या वाटेला जाऊ नये, असे मी ठामपणे सांगेन. कंपनीच्या सर्व्हरवरून कृती घेणारी यंत्रे करणारी पिकोब्रू ही अमेरिकी कंपनी 2020 मध्ये बंद पडली आणि ग्राहकांच्या हाती असलेल्या यंत्रांचे भवितव्य टांगणीला लागले. नेटवर्कचा भरवसा नसलेल्या गावात हा धोका कंपनी चालू असतानाही राहतो. बटणांनी हाताने चालवता येईल असेच यंत्र निवडावे.

खारी हवा 304 प्रतीच्या स्टीलवरही तांबूस डाग आणते, म्हणून यंत्र वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, समुद्राकडच्या खिडकीपासून दूर झाकून ठेवावे. त्याहून नाजूक असते ते नियंत्रण पॅनेल, कारण दमट हवेने त्यातल्या जोडण्या गंजतात. विक्रेत्याशी बोलताना हीटर, पंप आणि नियंत्रक हे तीन भाग भारतात सुटे मिळतात का, आणि पावसाळ्यात बिघडल्यास यंत्र कुठे पाठवावे लागेल, हे लेखी घ्यावे. टोपाचे बूड गळू लागले तर ते चिपळूण किंवा कुडाळच्या बाजारपेठेतला वेल्डर त्याच दिवशी जोडून देतो.