‘ऑडिओबुकचं कुलूप काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

‘कोणतंही ऑडिओबुक एमपीथ्री करून मिळेल, आयुष्यभराचं लायसन्स फक्त १,४९९ रुपयांत’ अशी जाहिरात सध्या व्हॉट्सॲपवर कापसाच्या भावाच्या ग्रुपमध्येसुद्धा फिरते आहे. तिच्यामागच्या माणसानं आमच्या घराला फसवलं. आपल्या भागातल्या आणखी कुणाचे पैसे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहीत आहे.

माझ्या बाबांची नजर काचबिंदूनं गेली. आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावी ते दिवसभर शेतातल्या गोठ्यापाशी असतात आणि तिथं रेंज येत नाही. टचस्क्रीन त्यांना चालवता येत नाही. बटणांचा, मेमरी कार्डवर चालणारा छोटा प्लेअर मात्र हातानं चाचपून बरोबर लावतात. म्हणून ऑडिबल या ॲमेझॉनच्या ॲपवर रीतसर पैसे भरून ऑडिओबुकं, म्हणजे वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकं घेतली. पण तिथली फाइल साधी एमपीथ्री नसते. ती एएएक्ससारख्या कुलूपबंद प्रकारात असते, तिची किल्ली खरेदीदाराच्या खात्याला बांधलेली असते, आणि असल्या स्वस्त प्लेअरला ती उघडता येत नाही. इतर ॲपांमध्ये डाउनलोड केलेली पुस्तकंही बहुतेक वेळा त्या ॲपबाहेर वाजत नाहीत.

जाहिरातीतल्या नंबरवर विचारलं, तर त्यानं आधी ‘डेमो’ पाठवला. आम्ही घेतलेल्याच पुस्तकाची सुरुवात, आवाज एकदम स्वच्छ. बाबा खूश झाले. हा डेमो म्हणजे दुकानाच्या पानावर कुणालाही फुकट ऐकता येतो तो नमुना होता, हे नंतर कळलं. त्याला पैसे पाठवल्यावर तो म्हणाला, ‘किल्ली तुमच्या खात्यातूनच काढावी लागते, पासवर्ड द्या आणि स्क्रीन दाखवायचं हे ॲप टाका.’ किल्ली खात्याशी जोडलेली असते हे खरंच असल्यामुळे त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं. फसवणारा अर्धं खरं सांगतो, आणि तेच जास्त घातक असतं.

फाइली आल्या. काही नावापुरत्या एमपीथ्री होत्या: नावाच्या शेवटचं शेपूट बदलून ‘एमपीथ्री’ केलेलं, आत तीच कुलूपबंद फाइल. प्लेअर त्या न वाजवताच पुढच्या गाण्यावर उडी मारायचा. बाकीच्या दोन-तीन मिनिटं वाजून थांबायच्या. ‘काहून रे, हे मधातच बंद कायले पडते?’ बाबा विचारायचे आणि पुन्हा पुन्हा तेच बटण दाबायचे. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं.

अशी फाइल कुणी दिली, तर आधी तिचा आकार बघा. बोलण्याच्या आवाजाची ६४ केबीपीएस (दर सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) दर्जाची फाइल तासाला साधारण २९ एमबी होते, म्हणजे दहा तासांचं पुस्तक जवळपास २९० एमबी. आम्हाला मिळालेल्या चालणाऱ्या फाइली तीन-चार एमबीच्या होत्या.

खरा घाव पुढे बसला. ऑडिबलचं खातं म्हणजे ॲमेझॉनचंच खातं. आमच्या खात्यातल्या शिल्लक पैशांतून गिफ्ट कार्डं निघाली. जाब विचारला, तर आवाज चढवून म्हणाला, ‘पोलिसात जा की! कुलूप तोडणं गुन्हा आहे, आधी तुमच्याच बापाला नेतील.’ घरात सगळे गप्प झाले. आई म्हणाली, ‘जाऊ दे, पैसे गेले ते गेले.’

माझा खरा राग या धमकीवर आहे, कारण लोकांना गप्प बसवायला हीच वापरतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ कुलूप तोडण्याबद्दल आहे, दोन वर्षांपर्यंत कैदही आहे, पण ते कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं तोडणाऱ्यासाठी. त्याच दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तीला वाचता-ऐकता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देण्याची मुभाही आली. आणि काहीही असो, तुमचे पैसे लुबाडणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाकली, पासवर्ड बदलला, खात्यावरची अनोळखी उपकरणं काढली, ते ॲप उडवलं. पैसे अजून परत आलेले नाहीत. १९३० वर जितक्या लवकर कळवाल, तितकी समोरच्याच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. आमच्याकडे चॅट होतं म्हणून बरं, त्यानं नंतर आपले मेसेज पुसायला सुरुवात केली होती.

घरात कुणाला दिसत नसेल, तर २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाची चौकशी करा. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच ते आहे, अपंगत्वाचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. बाबांची नोंदणी आम्ही तिथंच करतो आहोत. जाहिरात मात्र नवीन नंबरवरून पुन्हा आली आहे, मजकूर तोच, किंमत तेवढी ९९९ केलेली.