किडनी बदललेल्या पेशंटची संडासची तपासणी: मिरजेतल्या या लॅबचा अनुभव

आमच्या यांना किडनी बसवून दीड वर्ष झालं. किडनी सासूबाईंची. जूनमध्ये जुलाब लागले ते थांबेचनात. नुसतं पाणी, दिवसाला दहा-बारा वेळा. ताप नाही, रक्त नाही. आधी दुसऱ्या एका लॅबमध्ये तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आला. सोळाव्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीवर ताण आला की हे वाढतं) १.३ वरून २.१ वर गेलं, टॅक्रोलिमसची, म्हणजे नवी किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, लेव्हलही वाढली. त्या रात्री सासूबाई देवासमोरून उठल्या नाहीत.

मग या लॅबमध्ये आलो. इथे काउंटरवरच्या मुलीने पैशांच्या आधी विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?" ट्रान्सप्लांट म्हटल्यावर ती आत जाऊन आली आणि तीन डब्या दिल्या. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी साध्या तपासणीत सहज सुटतो, त्याला वेगळा रंग द्यावा लागतो. शिवाय तो रोज सापडेल असं नाही, म्हणून तीन दिवसांचे तीन नमुने.

दुसऱ्या नमुन्यात सापडला. लॅबच्या मॅडमनी मला आत बोलावून सूक्ष्मदर्शकात दाखवलं. निळ्या रंगावर गुलाबी-लाल गोल दाणे, जेमतेम ५ मायक्रॉनचे, रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान.

मी म्हटलं, "पण मी पाण्यात क्लोरीन टाकते."

"क्लोरीनला हा दाद देत नाही, ताई. १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला नळाच्या पाण्यातून ४ लाखांच्या आसपास लोक आजारी पडले होते. धडधाकट माणूस बहुधा आपोआप बरा होतो. यांच्यात प्रतिकारशक्ती दाबलेली, त्यामुळे तो मुक्काम ठोकतो."

दीड वर्ष मी हंड्यात थेंब मोजून टाकत होते. आता पाणी खळखळ उकळून मगच भरते.

रिपोर्टची वाट न बघता मॅडमनी आमच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. त्यांनी टॅक्रोलिमसचा डोस कमी केला, नायटाझोक्सानाइड हे परजीवीवरचं औषध सुरू केलं. जुलाब थांबायला तीन आठवडे लागले. आता क्रिएटिनिन १.४ आहे.

लॅब पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. अशक्त पेशंटला तो जिना चढवू नका, नमुना घरच्यांनी नेला तरी चालतो. रविवारी बंद. किडनी बदललेले, केमो चालू असलेले, एचआयव्हीचे पेशंट, सगळ्यांनी फॉर्मवर आजार आणि औषधं स्पष्ट लिहा, आणि डबी लॅबमधूनच घ्या.