‘चान्स’ लिहावे की ‘प्रॉबॅबिलिटी’?

इंग्रजीत शक्यतेविषयी लिहिताना या दोन नामांत अडखळणाऱ्यांनी अर्थ, जोडीचे शब्द आणि लेखनाचा बाज एवढेच पाहावे.

अर्थाच्या बाबतीत ‘प्रॉबॅबिलिटी’ नेमकी आहे, कारण गणितात ती 0 ते 1 या मर्यादेत मोजली जाते आणि तिला संधी किंवा योगायोग असा दुसरा अर्थ चिकटत नाही. ‘चान्स’ मात्र शक्यता, संधी आणि योगायोग अशा तिन्ही अर्थांनी येतो. म्हणून ‘गिव्ह मी अ चान्स’ किंवा ‘वी मेट बाय चान्स’ येथे ‘प्रॉबॅबिलिटी’ मुळीच चालत नाही.

खरी गफलत होते ती विशेषणांत. ‘चान्स’बरोबर ‘गुड’, ‘फेअर’, ‘स्लिम’ सहज बसतात, तर ‘प्रॉबॅबिलिटी’बरोबर ‘हाय’ आणि ‘लो’. ‘स्लिम प्रॉबॅबिलिटी’ कानाला खटकते. ‘चान्सेस आर’ने सुरू होणारे वाक्य बोलण्यात शोभते, आणि तोच ‘बहुधा’ हा अर्थ औपचारिक लेखनात ‘इन ऑल प्रॉबॅबिलिटी’ने येतो. आकडा आला म्हणून ‘चान्स’ टाळण्याचे कारण नाही. ‘अ 40 पर्सेंट चान्स ऑफ रेन’ ही हवामानाच्या अंदाजातली रुळलेली रचना आहे.

‘लाइकलिहुड’ रोजच्या लेखनात दोन्हींच्या मधला पर्याय म्हणून चालते, पण संख्याशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा असल्याने तेथे ते ‘प्रॉबॅबिलिटी’ऐवजी वापरू नये.

संभाषण, पत्र आणि बातमी यांसाठी मी निःसंकोच ‘चान्स’ सुचवेन. शोधनिबंध, विमा किंवा जोखमीचा अहवाल लिहिणाऱ्याने ‘प्रॉबॅबिलिटी’च घ्यावी.